पानिपताहून परतलेले पाटीलबावा

आम्ही लष्करात राहतो असे ग्वाल्हेरबाहेरच्या माणसाला सांगितले, की तो आम्हाला हमखास फौजी समजतो. मग त्याला समजावून सांगावे लागते, की लष्कर हे आमच्या शहराच्या एका भागाचे नाव आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, तो पुन्हा हलला नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार बसले आणि पलटणीबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांची गावे मागे राहून इथेच मुळे रुजली. म्हणजे आमच्यापैकी पुष्कळांचा पत्ता मुळात एका छावणीचा पत्ता आहे. या छावणीचे खरे कर्ते दौलतराव नव्हेत. त्यांना जे आयते मिळाले ते उभे करणारे महादजी शिंदे, म्हणजे आपले पाटीलबावा.

महादजींवर आमच्याकडे लेखांची वाण नाही. दिल्लीचे तख्त, वकील-इ-मुतलक हा किताब, सालबाईचा तह, द बॉयनच्या कवायती पलटणी, हे सारे गणेशोत्सवातल्या व्याख्यानांतून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आम्हाला या वर्षी लिहायचे आहे ते त्यांच्या उजव्या पायाविषयी आणि त्यांच्या झोपेविषयी. एवढ्या मोठ्या माणसाच्या चरित्रात हे दोन विषय किरकोळ वाटतील. आमच्या मते ते तसे नाहीत.

महादजींचा जन्म १७३० च्या आसपासचा. वडील राणोजी शिंदे, सातारा भागातल्या कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. बाजीरावांच्या हाताखाली वाढत वाढत ते माळव्याचे सरदार झाले. राणोजींना पाच मुलगे : जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी. पहिले तिघे एका आईचे, तुकोजी आणि महादजी चिमाबाईंचे. या पाच भावांची गोष्ट शिंदे घराण्यात कोणी सलग सांगत असेल तर सांगणाऱ्याचा आवाज जड झाल्याशिवाय राहत नसेल. जोतिबा तरुणपणीच बुंदेलखंडात मारले गेले. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा मारेकऱ्यांनी खून केला. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी पडले. जयाप्पांचा मुलगा जनकोजी त्याच लढाईत हाताला गोळी लागून जखमी झाला. आणि वर्षभराने पानिपत. तिथे तुकोजी गेले. जनकोजी जखमी अवस्थेत पकडला गेला आणि नंतर मारला गेला. १७५५ पासून मोजले तर सहा वर्षे पुरी होण्याच्या आत एक घर असे ओस पडले. पाच भावांत राहिले ते एकटे महादजी, तेही कसे राहिले ते पुढे सांगतो.

पानिपतची लढाई एका दिवसाची नव्हती, हे आपण विसरतो. १७६० च्या नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही सैन्ये समोरासमोर बसली होती. मराठ्यांची रसद तुटली, आणि अडीच महिने वाढत्या उपासमारीत, थंडीत, मेलेल्या जनावरांच्या दुर्गंधीत लाखभर माणसे अडकून पडली. त्यांत लढणारे होते तसे बिनलढाऊ बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका-पोरेही होती. १४ जानेवारी १७६१ ला सैन्य बाहेर पडले ते उपाशीपोटी. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते. विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले, आणि मग जे झाले त्याला आपल्या भाषेत पानिपत हाच शब्द आहे. दुसरा शब्द कोणी शोधलाच नाही.

महादजी तिशीचे. चांगल्या दक्षिणी घोडीवर स्वार होऊन ते निघाले. एक धिप्पाड अफगाण त्यांच्या मागे लागला. त्याचा घोडा दणकट पण बोजड, चालीला मंद. महादजींची घोडी सहज पुढे जाई. पण तिला क्षणभर दम खाऊ द्यावा, मागे वळून पाहावे, तर तो स्वार त्याच संथ चालीने येतच आहे. पुन्हा पळावे, पुन्हा थांबावे, पुन्हा तो दिसावा. असे किती कोस झाले कोण जाणे. शेवटी थकलेली घोडी एका खंदकात कोसळली. अफगाणाने गाठून कुऱ्हाडीचा घाव उजव्या गुडघ्यावर घातला, अंगावरचे दागिने आणि घोडी घेतली, आणि हा मरणारच असे समजून तो निघून गेला. पळणाऱ्यांच्या गर्दीत राणेखान नावाचा एक भिश्ती होता. पाणी वाहण्याचा त्याचा बैल होता. त्या बैलावर त्याने महादजींना घातले आणि दक्षिणेची वाट धरली.

तो पाय नंतर कधीच नीट झाला नाही. मराठी राज्याचा उत्तरेतला सर्वांत मोठा सेनापती पुढची तेहेतीस वर्षे लंगडत चालला.

पाय हा दिसणारा घाव. दुसरा दिसणारा नव्हता. त्याची नोंद राहिली ती महादजींनी स्वतः सांगितले म्हणून. त्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेल्या पामरला त्यांनी हा पाठलाग सांगितला होता, आणि ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात तो टिपला. सांगण्याचा आशय असा, की पुढे कितीतरी काळ डोळा लागला की तो अफगाण दिसे. त्याचा तो बोजड घोडा त्याच चालीने आपल्या घोडीच्या मागे येत असे. माल्कमनेही मध्य हिंदुस्थानच्या आपल्या ग्रंथात हा पाठलाग नोंदवला आहे. महादजी तो पुन्हा पुन्हा सांगत, असे त्याच्या लिहिण्यावरून दिसते.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. पामर वकील म्हणून आला तेव्हा पानिपतला पंचवीस वर्षांहून अधिक लोटली होती. सांगणारा माणूस दिल्लीच्या बादशाहीचा मुख्त्यार आहे, आणि ऐकणारा ज्या कंपनीशी तो लढला तिचाच वकील. अशा माणसापुढे कोणताही सरदार आपल्या विजयाच्या गोष्टी सांगेल. महादजी आपण कसे पळालो ते सांगत. म्हातारपणी रंगवून सांगितलेली गोष्ट म्हणून ती बाजूला सारता येईल, पण आम्हाला ते पटत नाही. रंगवून सांगणारा माणूस गोष्टीच्या शेवटी स्वतःला मोठा करतो. या गोष्टीच्या शेवटी महादजी खंदकात पडलेले आहेत.

आपल्या मराठीला ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या फार आधी कळली होती, असे आम्हाला वाटते. माणूस धसका घेतो, हाय खातो. काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते. भीतीचा एकही शब्द आपण नुसत्या मनावर ठेवलेला नाही. प्रत्येकाला शरीरात एक जागा दिली आहे. नानासाहेब पेशव्यांविषयी तर पानिपतची हाय खाऊन गेले असेच घराघरांत म्हणतात. २३ जून १७६१ ला पर्वतीवर त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे चाळीस वर्षांचे होते. पोटचा मुलगा आणि चुलतभाऊ गेल्याला पाच महिने झाले होते. प्रकृती आधीही चांगली नव्हती हे खरे. पण लोकांनी कारण शोधले ते बरोबर जागी.

डॉक्टर मंडळींना या वाटेवर यायला वेळ लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८७१ साली, द कोस्टा नावाच्या डॉक्टराने शेकडो सैनिकांच्या तपासणीवर एक निबंध लिहिला. या सैनिकांच्या छातीत धडधड होई, दम लागे, छाती दुखे, घाम फुटे. आणि छाती तपासली तर कित्येकांच्या हृदयात दोष म्हणावा असा सापडत नसे. त्याला सैनिकाचे हृदय असे नाव पडले. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्याखाली राहिलेले शिपाई थरथरत, बोलेनासे होत, डोळे धड असून त्यांना दिसेनासे होई; १९१५ मध्ये मायर्सने त्याला शेल शॉक म्हटले. आधी वाटले की स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला इजा होते. मग ध्यानात आले की स्फोटाच्या जवळपासही नसलेल्यांना हेच होते आहे. कित्येकांना भेकड ठरवले गेले, काहींना तर गोळ्याही घातल्या गेल्या. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अखेर १९८० मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी या अवस्थेला आपल्या ग्रंथात स्वतंत्र जागा दिली. आज तिला पीटीएसडी म्हणतात. मराठीत आघातोत्तर तणावविकार.

तणावविकार म्हटले की तो मनाचा आणि म्हणून थोडा खोटा, असा आपला समज असतो. वास्तविक तो रक्तात आणि स्नायूंत चालतो. वाघ समोर आला की शरीर काय करते? रक्तात ॲड्रिनलिन सुटते, हृदय जोरात चालते, रक्तदाब चढतो, पोटाचे काम थांबते, स्नायू ताठ होतात. वाघ गेला की हे सारे उतरायला हवे. ज्याचा वाघ रोज रात्री स्वप्नात परत येतो, त्याचे ते उतरतच नाही. दिवसासुद्धा दार आपटले, फटाका वाजला, की तीच घंटा पुन्हा वाजते. वर्षानुवर्षे असे चालले की रक्तदाब कायमचा चढा राहतो, रक्तवाहिन्या खराब होतात, पोटाच्या तक्रारी मागे लागतात, झोप मोडते, पाठ, मान, सांधे दुखत राहतात. अमेरिकेत व्हिएतनामच्या काळात फौजेत असलेल्या जुळ्या भावांचा एक अभ्यास बरीच वर्षे चालू राहिला. २०१३ मध्ये छापलेल्या निष्कर्षात, हा विकार असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण विकार नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. जुळ्यांचा अभ्यास यासाठी, की रक्त तेच, घर तेच, बालपण तेच. म्हणजे आनुवंशिकतेवर बोट ठेवून मोकळे होता येत नाही.

जुनी जखम असेल तर आणखी एक फास बसतो. दुखणारा अवयव त्या दिवसाची आठवण करून देतो, आठवणीने अंग ताठ होते, ताठ अंग अधिक दुखते. महादजींचा गुडघा दर हिवाळ्यात, घोड्यावर चढताना, बैठकीवरून उठताना त्यांना काय सांगत असेल, याची कल्पना सांधेदुखी असलेल्या कोणालाही येईल. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या रोगाचे नाव चिकटवण्याचा उद्योग आम्ही करणार नाही. नाडी पाहिल्याशिवाय वैद्यानेही बोलू नये. मात्र झोपेतला स्वार आणि लंगडा पाय या दोन गोष्टी कागदावर आहेत, आणि त्या बरोबर घेऊन हा माणूस पुढे काय करीत गेला हे पाहण्यासारखे आहे.

पहिली सात वर्षे घरच्याच भांडणात गेली. शिंद्यांची सरदारकी कोणाला, यावर पुण्यात खलबते चालली. तुकोजींचे मुलगे होते, इतर भाऊबंद होते, आणि महादजी औरस नाहीत हा आक्षेप होताच. अखेर १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी सरदारकी महादजींना दिली. आम्हाला वाटते, माधवराव पेशव्यांनी केलेल्या निवडींत याहून चांगली निवड क्वचितच असेल.

लगेच महादजी उत्तरेच्या मोहिमेत निघाले, रामचंद्र गणेश कानडे, विसाजी कृष्ण बिनीवाले आणि तुकोजी होळकर यांच्याबरोबर. ज्या वाटेने बैलावर पडून आले, त्याच वाटेने परत. फेब्रुवारी १७७१ मध्ये दिल्ली हाती आली आणि जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम बादशहाला त्यांनी त्याच्या राजधानीत आणून बसवले. मग रोहिलखंड. दत्ताजींच्या मृत्यूला आणि पानिपताला मुख्य कारण झालेला नजीबखान १७७० मध्येच मेला होता. त्याचा मुलगा झाबेताखान पळाला, पत्थरगड लुटला गेला, नजीबाच्या कबरीचीही गय केली गेली नाही. पानिपतानंतर तिकडे नेलेल्या काही मराठी स्त्रिया तिथे सुटल्या. कबरीचे कृत्य आम्हाला समर्थनीय वाटत नाही. समजते मात्र.

जानेवारी १७७९. पानिपताला बरोबर अठरा वर्षे. मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना घेऊन घाट चढून तळेगावापर्यंत आली. गावे ओसाड, दाणागोटा नाही, चहूकडे मराठे. ११ तारखेच्या रात्री तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले आणि वडगावला कोंडले गेले. १६ तारखेला तह झाला, त्यात महादजींचा शब्द चालला. उपाशी फौज, संक्रांतीचा सुमार, माघार, पाठलाग. सगळे तेच, फक्त या वेळी संथ चालीने मागून येणारे आपण. महादजींनी कत्तल होऊ दिली नाही. तह केला, ओलीस घेतले, फौज जाऊ दिली. पुण्यातल्या काहींना हा मऊपणा वाटला. पराभूत फौजेला कोंडीत काय होते हे पाहिलेल्या माणसाचे ते वागणे होते, असे आम्ही समजतो.

पुढच्या वर्षी पारडे फिरले. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपमने रातोरात शिड्या लावून आमचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, १७८१ मध्ये कामॅकने महादजींच्या तळावर रात्रीचा छापा घालून नुकसान केले. शेवटी १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी तह झाला. आमच्यापैकी किती जणांनी ते गाव पाहिले आहे? हिंदुस्थानच्या राजकारणाचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा तिथे ठरला. किल्लाही १७८३ मध्ये महादजींनी परत मिळवला.

आता ती गोष्ट, जी आम्हाला महादजींच्या चरित्रातली सर्वांत बोलकी वाटते. १७८४ च्या अखेरीस वकील-इ-मुतलक होऊन ते हिंदुस्थानचे कारभारी झाले, पण १७८७ च्या जुलैमध्ये लालसोटला राजपुतांशी लढताना बादशाही पलटणी ऐनवेळी शत्रूला जाऊन मिळाल्या. भोवती परका मुलूख, खजिना रिकामा, फौज फुटलेली. हे दुसरे पानिपत व्हायला काही कमी नव्हते. महादजींनी माघार घेतली, पण ती पळापळ होऊ दिली नाही. टप्प्याटप्प्याने, तोफखाना सांभाळत, ते मागे आले, ग्वाल्हेरच्या बाजूला ठाण मांडले आणि दक्षिणेतून कुमक येईपर्यंत टिकून राहिले. सेनापतीची परीक्षा जिंकताना होत नाही. एकदा जिवाच्या आकांताने पळालेला माणूस दुसऱ्यांदा मागे वळताना घाबरणार की शहाणा होणार, हे लालसोटने दाखवले.

आणि फौज कोणाच्या हाती होती? राणेखानाच्या. बैल घेऊन पाणी वाहणारा तो भिश्ती महादजींचा भाई झाला होता, आणि नुसता मानाचा भाई नव्हे. १७८८ मध्ये आग्र्याच्या लढाईत आणि दिल्ली सोडवताना तो प्रमुख सेनापतींपैकी एक होता. उपकार स्मरणारे सरदार पुष्कळ झाले असतील, त्यांनी इनाम दिले असेल. लंगडत्या पायाचा साक्षीदार आयुष्यभर शेजारी ठेवणे ही वेगळीच गोष्ट. जुन्या सैनिकांना बरे करण्यात औषधाइतकाच, त्या दिवशी बरोबर असलेल्या माणसाचा सहवास उपयोगी पडतो, असे आज या विषयात काम करणारे सांगतात. महादजींना हे कोणी सांगितले नव्हते.

द बॉयनच्या पलटणींची कवायत आणि तोफा यांचे कौतुक सगळेच करतात. त्यांतली एक तरतूद फारशी सांगितली जात नाही. या पलटणींत लढाईत जखमी झालेल्या शिपायाला जखमेच्या मानाने बक्षीस मिळे आणि तो बरा होईपर्यंत त्याचा पगार कापला जात नसे. जन्माचा अपंग झालेल्याला अर्ध्या पगाराचे निवृत्तिवेतन आणि शिवाय जमीन. मेलेल्याची चीजवस्तू त्याच्या घरच्यांना पोचती होई. व्यवस्था द बॉयनची खरी, पण त्यासाठी दुआबातला मुलूख तोडून देणारे धनी महादजी होते. त्या काळी हिंदुस्थानात जायबंदी शिपाई म्हणजे देवळाच्या पायरीवरचा भिकारी, हाच सर्वसाधारण नियम होता.

दिल्ली सोडवली ती फार उशिरा. त्याआधीच, ऑगस्ट १७८८ मध्ये, नजीबखानाचा नातू गुलाम कादर याने लाल किल्ल्यात शाह आलमचे डोळे काढले होते. पुढे तो पकडला गेला आणि महादजींच्या हुकमाने हालहाल करून मारला गेला. तीन पिढ्यांचे वैर तिथे संपले.

त्यानंतर, विजयाच्या ऐन भरात, १७८९ मध्ये मथुरेला महादजी अंथरुणाला खिळले. अंगावर गळवे उठली, वैद्यांचे उपाय चालेनात. कोणीतरी जादूटोण्याची शंका काढली, एका बाईचे नाव पुढे आले आणि तिच्यामागे हिंमतबहादूर गोसावी असल्याचा संशय धरला गेला. गोसावी अलीबहादुराच्या आश्रयाला गेला आणि दोन मराठी सरदारांत कायमची तेढ पडली. एवढा धोरणी माणूस करणीवर विश्वास ठेवून बसला याचे इतिहासकारांना नवल वाटते. आम्हाला इतके नवल वाटत नाही. ज्याच्या भावाचा खून मारेकऱ्यांनी दगा देऊन केला, ज्याची फौज ऐन लढाईत फुटली, तो सावलीतही शत्रू पाहणारच. सतत सावध राहणे ही त्या जुन्या दिवसाचीच खूण, आणि सतत सावध शरीर रोगाला लवकर वश होते. गळवांचे खरे कारण काहीही असो, दुखण्याला बाहेर कोणी दोषी हवा असतो.

मथुरेचा मुक्काम त्यांना प्रिय होता. ते कृष्णभक्त, स्वतः पदे रचणारे. बीडच्या मन्सूरशहा या सूफी सत्पुरुषावर त्यांची श्रद्धा होती, आणि ते नाते शिंदे घराण्याने ग्वाल्हेरात आजपर्यंत जपलेले आपण पाहतो. रात्री झोप न येणाऱ्या माणसाला भजन हा मोठा आधार असतो, एवढेच आम्ही म्हणू.

हे सगळे गणपतीच्या अंकात का? कारण आमची वस्ती अजून छावणीच आहे. संस्थानच्या पलटणींत आमच्या आजे-पणज्यांनी चाकरी केली. महायुद्धांत त्या पलटणी परमुलखात लढल्या. मुरारला आजही कॅन्टोन्मेंट आहे, भिंड-मुरैन्याची पोरे अजून भरतीसाठी पहाटे धावतात, आणि आपल्या ओळखीत सीमेवर राहून आलेले निवृत्त काका असतातच. ते आरतीला येतात. विसर्जनाच्या दिवशी फटाके सुरू झाले की लवकर घरी जातात. घरी त्यांना तापट म्हणतात. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू असते, ॲसिडिटीची असते, पाठीसाठी मलम असते, झोपेसाठी कधी गोळी तर कधी पेला. आणि प्रत्येक दुखण्याचा डॉक्टर वेगळा असतो. या चारही जणांना काका कुठे होते आणि तिथे काय पाहिले, हे कोणी सांगितलेले नसते. विचारले तर काका विषय बदलतात. त्यांना पळपुटे वाटण्याची भीती असते. आमची सूचना एवढीच, की घरातल्या कोणीतरी डॉक्टरांना ते सांगावे. छातीचे आणि पोटाचे दुखणे तपासताना झोपेविषयीही विचारायला सांगावे. आता या विकारावर बोलण्याचे उपचार आहेत, औषधे आहेत, आणि ते म्हातारपणीही लागू पडतात. महादजींना मिळाला तो एक बैल आणि एक भाई. आणि विसर्जनाच्या फटाक्यांचा विचार मंडळाने करावा, हेही जाता जाता.

१७९२ च्या जूनमध्ये पाटीलबावा पुण्याला आले. बादशाही फर्माने घेऊन आले, फर्मानबाडीचा थाटाचा दरबार झाला, आणि त्याच माणसाने सवाई माधवरावांच्या पायापाशी जोडे ठेवून आपण पाटीलच असल्याचे दाखवले. त्यात नाटक किती आणि निष्ठा किती यावर पुण्यात तेव्हाही वाद होता. पुढची दीड वर्षे नाना फडणीस आणि महादजी यांच्या रस्सीखेचीत गेली. दोघांच्या वैरावर कादंबऱ्या, नाटके झाली. एक गोष्ट मात्र त्यांत हरवते. नानाही पानिपताहून परतलेले होते. १४ जानेवारीला ते अठरा वर्षांचे होते, आईला त्या धामधुमीत गमावून, पायी, कसेबसे निसटले, आणि आपल्या आत्मवृत्तात त्यांनी ते सुटणे लिहून ठेवले. एकाने लिहिले, दुसऱ्याने सांगितले. एकाने पुढे लढाईपासून दूर राहून कागदाच्या आड राज्य केले; दुसरा पुन्हा पुन्हा त्याच रणात उतरला. पुण्यात समोरासमोर बसलेले हे दोघे, एक सडपातळ, एक आता स्थूल झालेला आणि पाय आखडलेला, हिशेबाच्या बाकीवरून भांडत होते, तेव्हा त्या दिवसाविषयी कधी एक शब्द बोलले असतील का, असे आम्हाला अनेकदा वाटते.

१७९४ च्या आरंभी महादजींना ताप आला आणि तो उतरला नाही. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या तळावर त्यांचा देह पडला. वय चौसष्टच्या आसपास. पोटी मुलगा नव्हता. तुकोजींच्या, म्हणजे पानिपतावर राहिलेल्या भावाच्या, नातवाकडे सारे गेले, तेच दौलतराव. वानवडीला महादजींनीच बांधायला घेतलेले शंकराचे देऊळ आहे, त्याच्याजवळ त्यांची छत्री. पुण्याला गेलात तर कॅम्पातून रिक्षाने तिथे जाता येते.